बारावीनंतर मुलाला कुठे घालावं? समुपदेशकाचा अहवाल आहे, पण वाट दिसत नाही

कृष्णाकाठ
नमस्कार. मुलगा बारावी सायन्सला आहे, गणित गटात. आम्ही वाळवा तालुक्यातले. दोन एकर ऊस आहे, मिस्टर साखर कारखान्यात नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला एका करिअर समुपदेशकाकडे नेलं. त्यानं दीड तास कॉम्प्युटरवर प्रश्नांची उत्तरं दिली, आम्ही ३००० रुपये भरले आणि २२ पानी रंगीत अहवाल घेऊन आलो. इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, डिझाइन, उद्योजकता, चारींपुढे 'अनुकूल'. आम्हाला जे विचारायचं होतं ते तसंच राहिलं.

पोराला फिजिक्स जड जातं. प्रिलिमला ७० पैकी २६. पण चुलत दिरांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसला की जेवणाची शुद्ध राहत नाही. मिस्टरांना इंजिनिअरिंगच हवंय, म्हणतात, "दुकानात बसायला बारावी केली का?" रोज रात्री ताटावर हाच विषय. पोरगं खाली मान घालून जेवतं आणि उठतं. मला ते बघवत नाही. दुसऱ्या समुपदेशकाकडे न्यावं, की सीईटीचा क्लास लावावा?

निवृत्त_निदेशक
ताई, मी २९ वर्षं आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो. पैसे पुन्हा घालू नका. आधी एक दिवस दुकानात जाऊन बसा आणि तो काय करतो ते बघा. जळालेली कॉइल उपसताना वेढे मोजतो का? तारेचा गेज स्वतः तपासतो का? आणि मुख्य म्हणजे, मोटर का जळाली हे विचारतो का? एक फेज गेला होता, बेअरिंग जाम झालं होतं, की बोअरचं पाणी खाली गेल्यावर कोरडी चालली? माझ्याकडे दोन्ही तऱ्हेची मुलं आली. काहींना हातानं काम करायला आवडायचं, तीही चांगली कारागीर झाली. पण कारण शोधल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याला पुढे शिकवायलाच हवं.

तुमचा तसा असेल तर बारावी सायन्स पास झाल्यावर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा. पुढे वाटलं तर डिग्रीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे मिस्टरांचं इंजिनिअरिंग कुठे पळून जात नाही. सीईटीचा फॉर्म भरायला हरकत नाही, निगेटिव्ह मार्किंग नसतं. पण २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, तेव्हा त्याचं गणित कसं आहे ते सांगा.

अजून एक. गाळप चालू आहे तोवर मिस्टरांनीच त्याला कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात घेऊन जावं. तिथला सुपरवायझर काय शिकून आला, हे बापानं मुलासमोर विचारावं. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

तेजू_मिरज
मी याच वाटेनं आले. बारावीला ५४ टक्के, आता इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकू, एक स्पष्ट सांगते, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना पहिले चार महिने फार जड जातात. बाकीच्या मुलांचं ड्रॉइंग, वर्कशॉप आधीच झालेलं असतं. एसी सर्किटला फिजिक्स परत समोर येतंच. मला बारावीत फेज अँगल, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्यातला कोन, कधी कळला नव्हता. इथे लॅबमध्ये कपॅसिटर जोडला, मीटरवर अँपिअर उतरताना बघितले आणि मग वहीतली आकृती कळली. दादाला दुकानाची सवय आहे, त्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल. फक्त बारावी फिजिक्समध्ये अडकू देऊ नका, पास व्हायलाच पाहिजे.

कृष्णाकाठ
सर, रविवारी दुकानात गेले होते. त्याची एक शंभर पानी वही तिथे गल्ल्याशेजारी असते, मला माहीतच नव्हती. प्रत्येक मोटरचा एचपी, स्लॉट, गेज, वेढे, आणि शेवटच्या रकान्यात 'जळण्याचं कारण'. तीन ठिकाणी कारणापुढे प्रश्नचिन्ह काढलंय आणि शेजारी गिऱ्हाईकाचा फोन नंबर. दिरांना विचारलं, तर म्हणाले, "तो नंतर फोन करून विचारतो." गणितात प्रिलिमला ८० पैकी ५१ आहेत.

वही घरी आणून मिस्टरांपुढे ठेवली. बराच वेळ चाळत होते. काही बोलले नाहीत, पण गुरुवारच्या पाळीला त्याला बरोबर घेऊन जाणार आहेत. तेजू, फिजिक्ससाठी गावातल्याच एका सरांकडे सोमवारपासून पाठवते आहे.

आम्ही ओबीसीत येतो. डिप्लोमाच्या फॉर्मला जुनं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र चालेल का?

निवृत्त_निदेशक
त्यावरची तारीख बघा. येत्या ३१ मार्चला मुदत संपत असेल तर चालणार नाही, त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंतचं लागेल. एप्रिल उजाडला की लगेच अर्ज टाका, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात. आणि त्या तीन प्रश्नचिन्हांतल्या मोटरींची माहिती इथे लिहायला सांगा त्याला. बघू या काय झालं होतं ते.