मगरींच्या डिझर्टेशनची परवानगी अडकली आहे, मदत हवी (बडोदा)

विश्वामित्रीकाठ:
नमस्कार. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. विश्वामित्रीतल्या मगरींवर डिझर्टेशन घेतलंय. परवानगीचा अर्ज देऊन सात आठवडे झाले, काही हालचाल नाही. गाईड म्हणतात, कागद हातात आल्याशिवाय नदीवर जायचं नाही. आणि सिनॉप्सिस सोमवारी द्यायचाय! सगळे म्हणतात विषय बदल. मला नाही बदलायचा. काळाघोड्याच्या पुलावरून शाळेत जायचे तेव्हापासून खाली गाळावर आ वासून पडलेल्या मगरी बघत आलेय. परवानगी लवकर मिळायचा काही मार्ग आहे का? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

टिटवी:
अर्ज कुणाच्या नावे दिलाय? आणि मगरींचं नक्की काय करणार आहेस? मोजणार, पकडणार, की लांबून बघणार? 'मगरींवर' म्हटल्यावर काहीच कळत नाही.

पाणपक्षी:
माझं ऐका, मगरी सोडा आणि वढवाणाला जा. डभोईच्या बाजूला, बडोद्याहून सकाळी जाऊन दुपारी परत. तिथला तलाव २०२१ मध्ये रामसर स्थळ झालाय, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. हिवाळ्यात पट्टकादंब येतात, बदकं तर मोजता मोजता मान दुखते. दुर्बीण आणि वही, एवढंच लागतं. मी तीन हिवाळे गेलोय, एक दिवस वाया गेला नाही.

विश्वामित्रीकाठ:
पक्ष्यांवर नाही करायचं हो. अर्ज विभागातून पुढे गेलाय, वनखात्याला.

जुना बडोदेकर:
आमची आजी यांना सुसरच म्हणायची. कमाटीबागेच्या मागे नदीवर जाऊ नको, सुसर ओढून नेईल, असा धाक असे. आता सगळे मगर म्हणतात.

टिटवी:
काका, दोन्ही शब्द बरोबर आहेत. पण ताई, तू माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस.

शियाबाग:
मला एक समजत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं, आणि शेजारच्या सोसायटीत मगर शिरली होती. लहान मुलं घेऊन आम्ही दोन रात्री गच्चीवर काढल्या. अभ्यास कसले करता, त्यांना उचलून लांब कुठल्या तरी धरणात सोडा ना.

खंड्या:
तुमची भीती खरी आहे, ती रात्र मीही काढलीय. पण मगर घरात पुराच्या पाण्याबरोबर आली, शिकार शोधत नाही. नदीचे काठ खचलेत, पूररेषेत बांधकामं झालीत, पाण्याला पसरायला जागा उरली नाही. एक उचलली तर मोकळ्या झालेल्या जागी दुसरी येऊन बसेल. कुठे किती आहेत ते माहीत असेल तरच पुराआधी कुठल्या वस्तीला सावध करायचं ते ठरवता येईल. म्हणून या मुलीचं काम व्हायला हवं.
ताई, मोजायच्या असतील तर रात्री मोज. टॉर्च मारला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, एकही सुटत नाही. आम्ही तसंच केलं होतं.

टिटवी:
एकही सुटत नाही हे बरोबर नाही. बिळात असलेली आणि पाण्याखाली गेलेली दिसत नाही. शिवाय अंधारात, त्या निसरड्या उभ्या काठावर एका विद्यार्थिनीला पाठवायचं? तुमच्याबरोबर किती जण होते?

खंड्या:
चौघे होतो, आणि होडी होती. ठीक आहे, एकटीने करू नये हे मान्य. पण नुसत्या दिवसाच्या मोजणीत लहान पिल्लं सुटतात, ते तुम्हीही माना.

टिटवी:
मानलं.

दुर्वा_२२:
वन्यजीवात करिअर करायचं असेल तर भारतीय वनसेवेची परीक्षा द्या. पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच असते, मुख्य परीक्षेला प्राणिशास्त्र घेता येतं. माझा भाऊ तयारी करतोय, नोट्स हव्या असतील तर सांगा.

विश्वामित्रीकाठ:
परीक्षेचं नंतर बघेन, आत्ता सोमवार डोक्यावर आहे.
टिटवीताई, सॉरी, मला वाटलं ते महत्त्वाचं नाही. मी घरट्यांवर करणार आहे. वडसरच्या पुढे काठावर मगरी खड्डे करून अंडी घालतात. ते उकरून अंडी मोजायची, आत तापमापक ठेवायचा आणि परत माती लोटायची. पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं ना, ते शहरातल्या नदीवर बघायचं होतं.

टिटवी:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं गं! तुझा अर्ज इथेच अडकलाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही शिकारीतच येतं. संशोधनासाठी सूट हवी तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यात मगर अनुसूची १ मध्ये, सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, म्हणजे आधी केंद्र सरकारची मंजुरी. सात आठवड्यांत ती येण्याची आशा धरू नकोस.
दुसरं, सबमिशन कधी आहे?

विश्वामित्रीकाठ:
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात.

टिटवी:
मग परवानगी आज आली तरी उपयोग नाही. मगरी अंडी घालतात फेब्रुवारी ते एप्रिल, आणि ती फुटायला साधारण दोन महिने लागतात. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. तुझा डेटा पूर्ण होईपर्यंत सबमिशन होऊन गेलेलं असेल.
विषय मगरीच ठेव, प्रश्न बदल. आत्ता नोव्हेंबर संपतोय, आणि थंडीत मगरी ऊन खायला बाहेर येतात, म्हणजे तुझा हंगाम आताच आहे. काळाघोड्यापासून वडसरपर्यंतचे पूल पक्के कर, ठरलेल्या वेळी प्रत्येकावरून मोज. हवेचं आणि पाण्याचं तापमान घे, काठ मातीचा आहे की दगडी भिंतीचा, झाडोरा किती, कचरा किती, ते लिही. कुठला काठ मगरीला चालतो, कुठला नाही, हा पूर्ण डिझर्टेशनचा प्रश्न आहे. शहरातली नदी अभयारण्य नाही, सार्वजनिक पुलावरून नुसतं बघायला कलम १२ लागत नाही. तरी खात्याला लेखी कळव आणि पोच घे, गाईडही निश्चिंत होतील. आणि काठावर उतरू नकोस.

शियाबाग:
हे करशील तर आमच्या गल्लीमागच्या काठाचंही लिही. मी रोज दूध आणायला जाते तेव्हा एक मोठी तिथे दिसते. वेळ लिहून ठेवते, हवी असेल तर देईन.

विश्वामित्रीकाठ:
हो, नक्की हवी!
गाईडना दाखवलं. सिनॉप्सिस नव्या प्रश्नाने दिला, पोचपत्राची प्रत जोडायला सांगितलीय.
आज सकाळी भीमनाथच्या पुलावर गेले. सात वाजता धुकं होतं, काही नाही. साडेआठला गाळावर ओल्या पोटाचा घसरलेला पट्टा दिसला, म्हणजे रात्री कुणीतरी येऊन गेलेलं. सव्वानऊला पलीकडच्या बाभळीखाली एक वर आली. आधी नुसतं नाक, मग पाच मिनिटं तशीच, मग एका दमात पूर्ण अंग गाळावर. अर्ध्या तासात पाठ वाळून राखाडी झाली आणि जबडा उघडला.
एक विचारायचंय. तीच मगर सरकत पुढच्या पुलाखाली गेली तर दोनदा मोजली जाईल, त्याला काय करायचं?

खंड्या:
सगळ्या पुलांवर एकाच वेळी माणसं उभी कर. रविवारी मी येतो, आणखी दोघांना आणतो.

टिटवी:
आणि झूम लावून पाठीचा फोटो काढ. खवल्यांची मांडणी प्रत्येकीची वेगळी असते, घरी बसून जुळवता येते. आजच्या मगरीचा काढलास का?

विश्वामित्रीकाठ:
काढलाय, पण फोनवरचा, पुसट आहे. उद्या मामाचा कॅमेरा घेऊन जाते.