मदत हवी आहे: हायड्रोजन गळतीसाठी कोणता सेन्सर बसवावा?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझे गॅरेज असून, हायड्रोजन फ्युएल सेलची (हायड्रोजनपासून वीज तयार करून चालणारी) वाहने हाती घेण्यापूर्वी गळतीची सूचना देणारी व्यवस्था चोख करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एलपीजी हवेहून जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत आहे. हायड्रोजन मात्र थेट आढ्याकडे जातो आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो, तेव्हा सेन्सर वरच हवा. अडचण अशी, की शेजारच्या यंत्रमागांवरून उडणारे कापसाचे तंतू तिथल्या तुळईवर बोटभर साचतात आणि उन्हाळ्यात पत्रा भयंकर तापतो. शिवाय कॅटॅलिटिक सेन्सर (उत्प्रेरकावर वायू जाळून तो ओळखणारा) सिलिकॉनच्या वाफेने निकामी होतो, आणि गॅस्केटसाठी सिलिकॉन आम्ही रोजच वापरतो. अशा जागी कोणता सेन्सर टिकेल, आणि एआयएस-१५७ हे हायड्रोजन वाहनांच्या सुरक्षेचे भारतीय मानक वाहनांपुरतेच असल्याने गॅरेजसाठी कोणते मानक पाहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.