मदत हवी आहे: मुलं पट्टीवरचा आकडा वाचतात, लांबी मोजत नाहीत

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत घरी दुसरीच्या ६ मुलांना शिकवते.

पेन्सिल शून्यापासून ठेवली की सगळ्यांचं बरोबर येतं. तीच ३ पासून ठेवली आणि टोक ८ वर आलं, की चौघं म्हणतात ८ सेंमी. उरलेले दोघं ३ ते ८ रेघा मोजून ६ सांगतात. ५ कुणीच नाही! रेघा नाही, मधली घरं मोजायची, हे पोचतच नाहीये.

आधी वितीने, बोटांनी मोजून झालं. मग १ सेंमीचे रंगीत कागदी तुकडे ओळीने चिकटवून प्रत्येकाने पट्टी केली. तिच्यावर छान जमतं, विकतच्या पट्टीवर पुन्हा तेच. इंचाची बाजू झाकलेली आहे. 'आठातून तीन वजा कर' हे मुद्दाम सांगितलेलं नाही, नुसती युक्ती पाठ होईल.

अंदाजाचं आणखी अवघड. गुपचूप मोजून तोच आकडा अंदाज म्हणून सांगतात. चुकायची एवढी भीती या वयात बघवत नाही.

मुलं घरी मराठी, शाळेत हिंदी बोलतात; दोन्ही चालेल. रोज २० मिनिटं मिळतात.

कागदी पट्टीवरून खऱ्या पट्टीवर नेताना मधली पायरी कोणती घ्यावी? आणि मोजण्याआधी मुलांनी बिनधास्त अंदाज सांगावा म्हणून तुम्ही काय करता?