मदत हवी आहे: भामरागड ते मालवण, विमानाला किती वेळ?

कर्लीकाठ: लवकर सांगा, रजेचा अर्ज आजच द्यायचाय. भामरागड ते मालवण एक साइट ८४० किमी, विमानाला १ तास ३ मिनिटं दाखवते. दुसरी तेवढ्याच अंतराला १ तास ३३. खरं कुठलं?

लंबवर्तुळ: एकही नाही. ८४० ला ताशी ८०० ने भागलं की १ तास ३ मिनिटं. दुसरीने चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकला. धावपट्टी आहे का, हे भागाकाराला कळत नाही.

कर्लीकाठ: भामरागडला विमानतळ नाही हे मला माहीत आहे हो, इथेच नोकरीला आहे! एकूण किती लागेल?

आलापल्लीवाला: मंग तसं विचारा न भाऊ. कधी निघता? एकटेच का लेकरंबाळं संगं? नागपूर साडेतीनशे किमी आहे, एसटीनं दिवस जाते.

मोपाकर: नागपूर-गोवा थेट विमान बघा, दीड-पावणेदोन तास. पण गोव्यात विमानतळ दोन, तिकीट मोपाचं की दाबोळीचं ते नीट वाचा. मोपाहून मालवण सत्तर-ऐंशी किमी, दाबोळीहून बरंच लांब. माझे सासरे चुकीच्या विमानतळावर उतरले होते, अजून ऐकवतात.

सिरोंचा_मार्गे: नागपूर कशाला? गोदावरीवर पूल झाल्यापासून मी हैदराबादच गाठतो. तिथून चिपीला, म्हणजे मालवणजवळच्या सिंधुदुर्ग विमानतळावर, एटीआर सुरू झालं होतं, सध्या आहे का बघा. पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास. तुमच्या साइटचा हिशोब तिथेही कोसळतो.

आलापल्लीवाला: आलापल्ली-सिरोंचा रस्त्यानं पावसाळ्यात कधी गेले का तुम्ही? कंबर हातात येते.

सिरोंचा_मार्गे: दरवर्षी जातो.

रुळावरचा: नागपूर-मडगाव विशेष गाडी कुडाळला थांबते. विमानाचं खूळ सोडा.

पुणेरी_पाहुणी: मुंबई-मालवण रात्रीची स्लीपर बस छान असते. जाता जाता हेमलकसा बघता येईल का?

लंबवर्तुळ: ताई, हेमलकसा भामरागडच्या दारात आहे. मुंबईहून जाता जाता नाही.

कर्लीकाठ: एकटाच आहे. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मालवणला घरात हवा, गणपतीवरची माटवी (फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट) मीच बांधतो.

रुळावरचा: चतुर्थीला?? हे आधी नाही का सांगायचं! गाडीचं विसरा, बुकिंग कधीच संपलं असेल.

देवबागचो: चिपीक उतारलंस तर जेवणाक घराक पोचतलंस. विमान असला तर.

आलापल्लीवाला: भाऊ, भामरागडच्या पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आहे का आता?

कर्लीकाठ: कालपासून आहे. गेल्या वर्षी असाच अडकलो, आरती फोनवर ऐकली.

आलापल्लीवाला: मंग तासाचं गणित सोडा. पाणी उतरलं की त्याच दिवशी आलापल्लीला येऊन बसा, ६५ किमी. नागपूरचं विमान त्यानंतर दोन दिवसांनी धरा. रजा चार दिवस जास्तीची टाका.

सिरोंचा_मार्गे: आलापल्लीला बसणारच, तर तिथून हैदराबाद...

कर्लीकाठ: अर्ज दिला. साहेब विचारतात, तासाभराच्या प्रवासाला नऊ दिवस कशाला? त्यांना ती साइट मीच दाखवली होती.