मदत हवी आहे: घरचा शांत घोडा विकताना त्याचं दुखणं जाहिरातीत लिहावं का?

मंडळी, नऊ वर्षं घरात असलेला घोडा विकायचा आहे आणि जाहिरातीच्या चार ओळी काही केल्या जमत नाहीयेत. ज्यांनी स्वतः घोडा विकला किंवा घेतला आहे, त्यांनी जरूर सांगा.

बादल 14 वर्षांचा, खच्ची केलेला, कुमाईत म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. खांद्याशी उंची 58 इंच, वजन साधारण 450 किलो. रानातल्या पायवाटा आणि गुरं वळवणं, दोन्ही कामं अंगवळणी पडलेली. मुलगी शिकायला बाहेर गेली, माझ्या कंबरेचं ऑपरेशन झालं, आणि आता तो आठवड्यातले सहा दिवस नुसता उभा असतो. ते बघवत नाही, म्हणून विकायचा. पैशांची निकड नाही.

'शांत, शिकवलेला, मुलांसाठी उत्तम' हे सगळेच लिहितात. मला घडलेलं लिहावंसं वाटतं. मुलगी दहा वर्षांची असताना उतारावर खोगीर फिरून कुशीवर आलं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, मीच नीट आवळला नव्हता. ती एका बाजूला लोंबकळली, पाय रिकिबीत अडकलेला. बादल होता तिथे थांबला. कान मागे तिच्याकडे वळवले आणि मी पोचेपर्यंत एक खूर हलवला नाही. ओढा आला की तो आधी पाणी हुंगतो, एक पाय टाकून तळ चाचपतो, मग उतरतो. तेव्हा टाच मारायची नाही, लगाम सैल सोडायचा. फडफडणाऱ्या प्लास्टिकला मात्र बुजतो. उधळत नाही, पण थबकून फुरफुरत राहतो. हे सगळं जाहिरातीत लिहावं, की मोहरकी (तोंडावर अडकवायची दोरी) घालण्यापासून एकटा घरापासून लांब जाईपर्यंतचा सलग व्हिडिओ टाकावा?

आता मुख्य अडचण. मागच्या उजव्या पायाच्या मधल्या सांध्यात संधिवाताची सुरुवात आहे. थंडीत सकाळी पहिली दहा मिनिटं पाऊल आखडतं. सावकाश चालवला की मोकळा होतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढलाय आणि हलकं काम रोज द्यायला सांगितलंय. वेदनाशामक चालू नाही. हे जाहिरातीतच लिहू, की फोनवर सांगू? घरातले म्हणतात, लिहिलंस तर कोणी फिरकणार नाही. मला ते पटत नाही. बघायला येणाऱ्याने लांबून यायचं आणि मग कळायचं, हे बरं नव्हे.

गेल्या आठवड्यात एकांनी विचारलं, "औषध देऊन तर शांत ठेवला नाही ना?" आधी लागलं मनाला. नंतर वाटलं, प्रश्न रास्तच आहे. गुंगीच्या औषधाने तापट घोडाही तासभर गरीब दिसतो आणि वेदनाशामकाने लंगडणं झाकतं. म्हणून ठरवलंय की घेणाऱ्याने आपला डॉक्टर आणावा, पाय थोडा वेळ दुमडून धरून, सोडल्यावर दुडक्या चालीत पळवून लंगडतो का ते बघावं, रक्तही तपासावं. शिवाय न सांगता दुसऱ्यांदा यावं आणि दावणीचा घोडा स्वतः सोडून स्वतः खोगीर घालावं.

दुसरं एक कुटुंब आलं होतं. मुलगा सात वर्षांचा, कधीच बसलेला नाही. तो एकाच वेळी टाच मारत होता आणि लगामही ओढत होता. बादल गोंधळून मागे सरकू लागला. वडील म्हणाले, "हा शांत कुठे आहे?" शिकवलेला घोडा खुणा ऐकतो, त्यामुळे चुकीच्या खुणाही ऐकतो, हे त्यांना नीट समजावता आलं नाही. तुम्ही अशा वेळी काय सांगता? शिकवणारं माणूस सोबत असल्याशिवाय नवशिक्यांना द्यायचाच नाही, असा नियम करू का?

अजून दोन गोष्टी. दोन आठवडे चाचणीसाठी नेऊ द्यावा का? नेलाच तर आमचाच चारा सोबत देईन, कारण चारा एकदम बदलला की पोटशूळ उठायची भीती. आणि पुढे कधी त्यांना विकायचा झाला तर आधी मला विचारावं, अशी अट करारात घातलेली कुणी आहे का? ती पाळली गेली का?

किंमत फार कमी ठेवली तर तो दलालाच्या हाती जाईल, ही धास्ती आहे. दुखणं धरून किती कमी करावी, याचा अनुभव असेल तर तोही लिहा. रविवारी आणखी एक कुटुंब येतंय. त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.