सिरॅमिकचा कोळशाचा ग्रिल पहिल्यांदाच पेटवला, तापमानाचा काटा खालीच येईना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरी कामाडो ग्रिल आलाय. म्हणजे ते अंड्याच्या आकाराचं जाडजूड सिरॅमिकचं धूड, मूळ जपानी चुलीचं, बिग ग्रीन एगवाले अमेरिकेत १९७४ पासून विकतात ना तसलंच. भावानं पुण्याहून गाडीत घालून आणला, गच्चीवर चढवताना सगळ्यांची कंबर बसली.

परवा पेटवला. पहिल्यांदा मोठा जाळ करायचा नाही, झाकणाच्या कडेची फेल्टची पट्टी आधी मंद आचेवर नीट चिकटू द्यायची असं पुस्तकात होतं, म्हणून १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचा बेत होता. आज्जी म्हणायली रॉकेल टाक की थोडं, पण सिरॅमिक वास धरून ठेवतं म्हणून करवंटीवरच पेटवला. खालचं दार दोन बोटं उघडं, वरची चकती अर्धी. मस्त चाललं होतं, आणि कांदा चिरून वर येतोय तर काटा २६० वर! दोन्हीकडनं हवा बंद केली तरी कितीतरी वेळ काटा जागचा हलेना. एकदा तापलं की लवकर निवत नाही हे मान्य, पण इतकं? की मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच ४२-४३ असतं त्याचाही फरक पडतो?

दुसरं कोळशाचं. वखारीतनं बाभळीचा आणलाय, जळतो झकास पण पोत्यात निम्मी चुरीच. ती जाळीच्या भोकात बसते, मग हवा कधी कोंडते कधी एकदम सुटते, माझा संशय तिच्यावरच आहे. चाळून फक्त मोठे तुकडे घ्यावेत का? सोलापुरात कुठं मोठा, निवडलेला कोळसा मिळतो का? ब्रिकेट, म्हणजे त्या चुरी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या नकोत, राखच फार होते.

आणि आईचं वेगळंच चाललंय, तिला त्यात कडक भाकरी वाळवायच्यात. तव्यावर भाजून झाल्यावर मंद धगीवर पार कडक होईपर्यंत ठेवायच्या असतात, म्हणजे १०० च्या आतच धग पाहिजे. मधे आडवा दगड टाकला की खालची आच थेट लागत नाही म्हणतात, पण इतक्या कमीवर कोळसा विझत नाही का? कुणी केलंय का असं? हवा किती ठेवली तेवढं सांगा. मला आपले विजापूर वेशीतल्यासारखे शीक कबाब जमले तरी बास, पण घरात माझं कोण ऐकतंय.

झाकण एकदम उघडायचं नाही, आधी दोन बोटं उचलून हवा आत जाऊ द्यायची नाहीतर भपकन जाळ तोंडावर येतो, हे माहितीय, ते सांगू नका. चिकन आतनं ७४ ला गेलं पाहिजे हेही पाठ आहे. रविवारी पाहुणे येणारेत, तेव्हा काटा धरून ठेवायची युक्ती त्याआधी सांगा, आणि शक्यतो गॅसच्या ग्रिलवाल्यांनी नको, तुमचं बटण फिरवलं की झालं.