दूरचित्रवाणीवरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या: आपल्या घरी करताना त्यातले किती खरे धरावे?

टिळकवाडीकर

नमस्कार. माझा मुलगा यंदा अकरावीत आहे आणि गेले वर्षभर तो 'टँक्ड' या अमेरिकन मालिकेचे जुने भाग पाहत आहे. ॲनिमल प्लॅनेट वाहिनीवर २०११ ते २०१८ या काळात ही मालिका चालली. लास व्हेगासमधील एक कंपनी ग्राहकाच्या मागणीप्रमाणे ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, टाक्या घडवते, जागेवर नेऊन बसवते आणि भागाच्या शेवटी रंगीबेरंगी मासे सोडून ग्राहकाला दाखवते, असे तिचे स्वरूप आहे. मुलाच्या शेजारी बसून मीही बरेच भाग पाहिले आणि मलाही ते आवडले. आता आमच्या दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी करावी, असा त्याचा आग्रह आहे. आमचे घर बेळगावात, पहिल्या मजल्यावर आहे. गोड्या पाण्याची टाकी आम्ही चार वर्षे व्यवस्थित सांभाळली आहे.

मालिकेत टाकी येते, पाणी भरले जाते आणि लगेच मासे पोहू लागतात. प्रत्यक्षात इतक्या थोड्या दिवसांत हे होते का? आमचे गोव्याला वरचेवर जाणे असते, तेव्हा कॅनमधून समुद्राचेच पाणी आणले तर चालेल का? मुलाने केलेल्या यादीत क्लाऊनफिश, निळा टँग, समुद्रघोडा आणि जिवंत प्रवाळ आहेत. यातले काय ठेवता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शहापूरकर

ताई, माझ्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी अकरा वर्षांपासून आहे. त्या मालिकेतील जोडकाम, घासकाम, अवघड जागेतून टाकी आत घेणे हे सारे कसबी माणसांचे खरे काम आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु पाणी भरल्यापासून पहिला मासा सोडेपर्यंतचा काळ पडद्यावर जवळजवळ येतच नाही, कारण त्या काळात डोळ्यांना दिसेल असे काहीच घडत नाही. टाकी जगणार की नाही हे मात्र त्याच काळात ठरते.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे बरेच सौम्य असते. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करून कामाला लागेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. गोड्या पाण्यातही हेच चक्र असते, पण समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर असल्यामुळे तितकाच अमोनिया तेथे अधिक घातक ठरतो. व्यावसायिक मंडळी चालू टाकीतले मुरलेले दगड किंवा गाळणीचे साहित्य नव्या टाकीत घालून हा काळ कमी करतात आणि ती रीत योग्यच आहे. घरी पहिलीच टाकी करणाऱ्याजवळ असे मुरलेले काही नसते.

मी स्वतः यात चुकलो आहे. पहिल्या वेळी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून नवव्या दिवशी तीन डॅमसेल मासे सोडले. तिसऱ्या सकाळी त्यातला एक पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होता आणि त्याचे कल्ले विलक्षण वेगाने हलत होते. अमोनिया तपासण्याच्या नळीतले पाणी पिवळे राहायला हवे, ते गडद हिरवे झाले होते. संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले. दुसऱ्या वेळी मी टाकीत फक्त दगड आणि वाळू ठेवली, दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकत राहिलो आणि रोज रात्री नळी उजेडात धरून रंग वहीत लिहीत गेलो. अडतिसाव्या दिवशी ती पिवळी दिसली आणि पुढचा आठवडाभर तशीच राहिली, तेव्हा कुठे मी पहिली जोडी आणली. त्यानंतरही एका वेळी एक-दोनच मासे वाढवावे लागतात, कारण जिवाणूंची संख्या माशांच्या मागून वाढते.

गोव्याच्या पाण्याविषयी. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे वीस लिटरचे चौतीस कॅन चोर्ला घाट चढवून आणावे लागतील, आणि पुढेही ठरावीक काळाने काही पाणी बदलावेच लागते. शिवाय किनाऱ्याजवळच्या पाण्याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी लाल गढूळ गोडे पाणी समुद्रात आणून सोडतात, तेव्हा खारेपणा एकदम उतरतो. बंद कॅनमध्ये त्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरून ते कुजू लागते, हेही आहे. त्यापेक्षा आरओचे पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ लिटरमागे सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम मिसळावे आणि सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास ठेवावी. स्वयंपाकाचे मीठ अजिबात चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार त्यात नसतात. राकसकोप किंवा हिडकल धरणाचे नळाचे पाणी असो वा बोअरवेलचे, ते थेट टाकीत ओतू नये.

आणखी एक गोष्ट, जी गोड्या पाण्यातून आलेल्या माणसाला हमखास फसवते. टाकीतून उडून जाते ते फक्त पाणी. मीठ मागे राहते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत माझ्या टाकीची पातळी चोवीस तासांत बोटभर उतरते. ती भरताना मिठाचे पाणी घातले तर खारेपणा दिवसेंदिवस चढत जातो. भर नेहमी साध्या आरओच्या पाण्याची घालावी.

उद्यमबाग काचकाम

मी काच आणि ॲक्रिलिक या दोन्हींत काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. ॲक्रिलिकची घनता १.१९ आणि काचेची सुमारे २.५, त्यामुळे त्याच मापाची ॲक्रिलिकची भिंत निम्म्याहून हलकी भरते. ते वाकवता येते आणि सांध्यात पातळ द्रावक सोडला की दोन पत्रे विरघळून एकजीव होतात. मालिकेतले चित्रविचित्र आकार यामुळेच शक्य होतात. परंतु ॲक्रिलिकवर ओरखडे फार लवकर पडतात. भिंतीवर साचलेले शेवाळ पुसताना फडक्यात वाळूचा एक कण अडकला तरी समोरच्या बाजूवर कायमची रेघ उमटते. आयताकृती सहा फुटांच्या टाकीला माझ्या मते काचच बरी.

वजनाचा हिशेब मात्र आधी करा, ताई. ६८० लिटर खारे पाणी म्हणजे जवळपास ७०० किलो, बारा मिलिमीटर काचेचे सुमारे १२० किलो, शिवाय दगड, वाळू, टाकीखालचा लोखंडी घोडा आणि पाणी गाळून वर पाठवणारी खालची दुसरी टाकी. एकूण भार एक टनाच्या आसपास जातो आणि तो वर्षानुवर्षे एकाच जागी उभा राहतो. पहिल्या मजल्यावर टाकी खोलीच्या मध्यभागी ठेवू नका. तुळईच्या रेषेवर, भिंतीला लागून ठेवा आणि त्याआधी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवा. शहापूर-वडगाव भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांत तर हा विचारच करू नये. टाकी जोडून झाल्यावर सिलिकॉन पूर्ण वाळू द्यावे आणि मग साधे पाणी काठोकाठ भरून चार-पाच दिवस तशीच ठेवावी. खालच्या कडेला कोरडा कागद लावून ठेवला की बारीकशी गळतीसुद्धा लगेच कळते.

खानापूर, निवृत्त प्राध्यापक

मी प्राणिशास्त्र शिकवत असे. चि. मुलाची यादी वाचून त्याची आवड कळते आणि ती जपली जावी, असे मनापासून वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो.

समुद्रघोडा आणि प्रवाळ ही दोन नावे यादीतून काढावीत. २००१ साली समुद्रघोड्याचे संपूर्ण कुळ आणि खडक रचणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आली, म्हणजे वाघाला जे संरक्षण होते तेच त्यांनाही मिळाले. मालवणला सहलीला गेलेली आपल्याकडची मुले किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालतात. तेही करू नये, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्या मालिकेतील अनेक टाक्यांत जे भडक रंगांचे प्रवाळ दिसतात ते साच्यातून काढून रंगवलेले असतात. पडद्यावर हे क्षणभरात निघून जाते आणि पाहणाऱ्याची समजूत होते की सारे जिवंत आहे. आपल्यासाठी तेच कृत्रिम प्रवाळ योग्य आहेत.

क्लाऊनफिशचा आग्रह मात्र जरूर पुरवावा. हा मासा बंदिस्त जागेत अंडी घालतो आणि त्याची पिल्ले वाढवण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात यशस्वी केले आहे. घेताना पैदास केंद्रातलाच मासा मागावा. तो दाण्याचे खाद्य खायला शिकलेला असतो आणि त्यासाठी समुद्रातले कोणतेही खडक कोणी उचकटलेले नसतात. त्याला समुद्रफूल (ॲनिमोनी) लागतेच, ही समजूतही पडद्यावरून आलेली आहे. त्यावाचून तो टाकीत उत्तम राहतो. दोन लहान पिल्ले एकत्र वाढवली तर त्यांतले मोठे होणारे पुढे मादी बनते आणि दुसरे नर राहते. मुलाने हे बदल स्वतः पाहून टिपून ठेवावेत.

निळा टँग दुकानात रुपयाएवढा दिसतो, पण वाढून जवळपास फूटभर होतो आणि दिवसभर पोहत राहतो. सहा फुटांची टाकी त्याला जेमतेम पुरते. बाजारात येणारे बहुतेक टँग समुद्रातूनच पकडलेले असतात आणि त्यांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग लवकर येतो. म्हणून मासा कोणताही असो, तो आधी किमान चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. मालिकेत पिशवीतून मासे थेट मोठ्या टाकीत गेलेले दिसतात तेव्हा हा विलगीकरणाचा काळ आधी झालेला असू शकतो. पाहणाऱ्याला मात्र तो दिसत नाही आणि म्हणून तो त्याच्या हिशेबातही येत नाही. पहिले वर्ष टँग घेऊ नये, असे माझे मत आहे.

निपाणीकर

वरील सर्व मान्य करूनही मालिकेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो. टाकीच्या खाली दुसरी टाकी, पंप आणि फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र असते, हे मी प्रथम तेथेच पाहिले. त्याआधी खारे पाणी म्हणजे गोडे पाणी अधिक मीठ, एवढीच माझी कल्पना होती.

आपल्याकडची खरी अडचण विजेची आहे आणि ती लास व्हेगासच्या टाकीत दिसण्याचे कारण नाही. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात रात्री आमच्याकडे नऊ तास वीज नव्हती. खाऱ्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात पाणी कोमट असेल तर आणखी कमी. मी बॅटरीवर चालणारे दोन हवेचे पंप लावून पहाटेपर्यंत जागा राहिलो. त्यानंतर फक्त पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर घेतला; दिवे आणि हीटर घेतले नाहीत. प्लगकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे खारे पाणी प्लगमध्ये न जाता मध्येच ठिबकते.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला ही सर्व उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. समुद्रघोड्याचे नाव त्याने स्वतःच खोडले. टँगवर थोडा वाद झाला. अभियंत्यांना रविवारी बोलावले आहे. सहा फुटांऐवजी तीन फुटांच्या टाकीपासून सुरुवात करावी, असे आमचे ठरते आहे. शहापूरकर काका, इतक्या लहान टाकीत क्लाऊनफिशची एक जोडी पुरेशी होईल का, आणि खाली दुसरी टाकी तरीही लागेल का?

शहापूरकर

ताई, तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच धरली तर सुमारे १९० लिटर पाणी होते. त्यात क्लाऊनफिशची जोडी आणि पुढे सहा महिन्यांनी एखादा लहान गोबी मासा, एवढे पुरे. लहान टाकीत खारेपणा आणि तापमान दोन्ही लवकर हलतात, म्हणून खालची दुसरी टाकी ठेवाच. तेवढेच पाणी वाढते आणि उडालेल्या पाण्याची भरही तिच्यातच घालता येते. पश्चिमेच्या खिडकीजवळची जागा टाळा. माझ्या टाकीतले मुरलेले दोन दगड मी तुम्हाला देईन, ते ओले ठेवून त्याच दिवशी घरी न्यावे लागतील. मीठ मिसळलेले पाणी आदल्या दिवशी तयार ठेवा आणि मुलाला वही घेऊन पाठवा.